नव्वद सेकंदांचं शून्य

आमच्या ह्यांचा उजवा गुडघा दुखत नाही, हे आम्हाला सरकारी पत्रातून कळलं.

पत्र चांगल्या जाड कागदावर होतं. वर नाव, हवालदार हणमंत बाबूराव फडतरे, निवृत्त. खाली चार ओळी. फेरतपासणीत उजव्या गुडघ्यात वेदनेचा पुरावा आढळला नाही, सबब अपंगत्व तीस टक्क्यांवरून पाच टक्के करण्यात येत आहे. वीसच्या खाली गेलं की अपंगत्वाचं निवृत्तिवेतन बंद, हे फौजीच्या घरात पोराटोरांनाही ठाऊक असतं. मी ते पत्र ओट्याशी उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी चष्मा लावून वाचलं, त्याची नीट घडी घातली आणि म्हणाले, "बरं झालं की. गुडघा बरा झाला."

ह्या माणसाशी मी एकोणतीस वर्षं संसार केलाय. तरी हे थट्टा करतायत की खरंच म्हणतायत, ते मला त्या वेळी कळलं नाही.

गुडघ्याची हकिगत मीच सांगते, कारण हे कधी सांगत नाहीत. लग्नानंतर सहाव्या वर्षी उत्तरेकडच्या डोंगरात गस्तीवरून उतरताना हे घसरले. पाठीवर उखळी तोफेचा लोखंडी पाया होता. तो सोडायचा नाही म्हणून पाय वेडावाकडा टेकला आणि गुडघा आतून फिरला. चार दिवस ह्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. आजारी म्हणून नाव देणाऱ्याकडे पलटणीत कोणत्या नजरेनं बघतात, ते मला पुढं कॅम्पातल्या बायकांनी सांगितलं. पाचव्या दिवशी सूज इतकी आली की गुडघ्यावरून पँट चढेना, तेव्हा कुठं दवाखाना झाला. दोन ऑपरेशनं झाली, आतली गादी झिजत गेली, आणि निवृत्तीच्या वेळी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून, कोनमापकानं मोजून तीस टक्के लिहिले. त्यांनी म्हणे ह्यांच्या गुडघ्याकडे कमी आणि तोंडाकडे जास्त बघितलं होतं.

आता तोंडाकडे कुणी बघत नाही. आता वेदनालेख यंत्र आहे.

ते कसं चालतं, हे मला समृद्धीनं, आमच्या लेकीनं फोनवर समजावलं. ती पुण्यात दवाखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीत आहे. दुखणं म्हणजे अखेर एक निरोप असतो. सांध्याभोवतीच्या पिशवीत मज्जातंतूंची टोकं असतात. सांधा नको तितका ताणला, दाबला गेला की ती टोकं विजेचे बारीक ठोके पाठवतात. ठोके मांडीतून वर येऊन कमरेपाशी मणक्यात शिरतात आणि तिथून मेंदूकडे जातात. 'आई गं' आपण त्यानंतर म्हणतो, किंवा म्हणत नाही. म्हणणं आपल्या हातात असतं, ठोके नसतात. यंत्र ते ठोकेच मोजतं. एक पट्टा गुडघ्याच्या वर, दुसरा पाठीमागं कमरेला. सुई नाही, टोचणं नाही. मग खुर्चीत बसवून यंत्र गुडघा एकेक अंशानं वाकवतं, आणि ठोके जिथं वाढायला लागतात तो कोन कागदावर छापतं. त्याला म्हणतात वेदनारंभ. निरोगी गुडघा एकशेतीस अंशांपर्यंत गप्प असतो. दुखरा गुडघा वीसलाच बोलायला लागतो.

एवढंच की प्रत्येक अंगाची आपली एक गुणगुण असते. चरबी, घाम, वय, वाहतं रक्त, सगळ्याची मिळून. ती वजा केल्याशिवाय दुखणं वेगळं ऐकू येत नाही. म्हणून यंत्र आधी माणसाला नव्वद सेकंद सहज उभं करतं, आणि त्या वेळी जे काही ऐकू येईल त्याला शून्य धरतं.

यंत्र वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणते. आमच्याच आळीतल्या सीताबाईंच्या सुनेची कंबर सहा वर्षं कुणी खरी मानत नव्हतं. कामचुकार म्हणून तिला घरात बोल लागायचे. यंत्रानं एका दुपारी तिची बाजू घेतली. पण निवृत्त फौजी त्याला 'खरंखोटं' म्हणायचे, आणि त्यांच्यात बहुतेक जण तिथून खोटे ठरून परत येत होते. पहिल्या अपिलातही ह्यांचा तोच निकाल आला. वेदनारंभ एकशेदहा. पाच टक्के.

"आई, मशीनला काय पडलंय खोटं बोलायचं?" समृद्धी म्हणाली. "बाबांना वाटत असेल दुखतंय. वय झालं की होतं असं. त्यांना कुणाशी तरी बोलायला घेऊन जा."

ह्यांनी ते बाजूला बसून ऐकलं. म्हणाले, "पोरगी शिकल्याली हाय. तिला कळतंय. मला दुखायची सवय लागली आसंल."

गावाला तर निमित्तच हवं असतं. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, हणमंतराव, यंदा जत्रेत पळायच्या शर्यतीत नाव द्या. हे हसले. हायवेच्या शीतगृहावर हे पहारेकरी आहेत. तिथल्या मॅनेजरनं फाटकाजवळची खुर्ची उचलून आत नेली. तुमचा गुडघा सरकारनं बरा केलाय, आता खुर्ची कशाला, म्हणाला. ह्यांनी घरी येऊन काठी कपाटावर टाकली. त्या दिवसापासून रस्त्यानं चालताना लंगडणं बंद. लंगडलं तर लोक म्हणणार, बघा, सोंग करतोय.

आणि मी काय केलं, तेही सांगते. गॅसची टाकी गेली, शेगडी विजेवर आली, पण आमच्या खटावच्या बाजूला पिण्याच्या पाण्याचा जार काही सुटला नाही. वीस लिटरचा. तो नेहमी मी आणि शेजारची मिळून पायऱ्या चढवायचो. एका सकाळी मी शिलाई मशीनवर होते, लग्नसराईची ब्लाउजं अंगावर आलेली, डोकं फिरलेलं. जारवाल्यानं हाक मारली. मी न बघताच म्हणाले, "आणा की तेवढा वर. दुखत तर नाही म्हणतंय सरकार."

हे उठले, खाली गेले, जार खांद्यावर घेतला आणि अकरा पायऱ्या चढून आले. ओट्यावर ठेवला. मी मशीन चालूच ठेवलं. हे मला आठवलं की अजूनही अन्न गोड लागत नाही.

माझे डोळे उघडले ते एका पँटीमुळे. मी बत्तीस वर्षं शिवणकाम करते. ह्यांच्या घरच्या पँटची उजवी दुमड दर तीन-चार महिन्यांनी मागच्या बाजूनं झिजते, आणि मी ती खालून नवी पट्टी लावून शिवते. डावी कधी झिजत नाही. कारण हे घरात उभे राहतात ते सगळा भार डाव्या पायावर टाकून. उजवा गुडघा सैल, कंबर उजवीकडे खचलेली, एक हात ओट्यावर. मग उजवी बाजू खाली येते आणि कापड फरशीला घासतं. ती पँट हातात घेऊन मी बसले होते. काठी सोडून सात महिने झाले होते, लंगडणं बंद होतं, गुडघा सरकारदरबारी बरा होता. आणि दुमड नेहमीसारखीच झिजलेली होती. माणसाला खोटं बोलायला कारण असतं, कापडाला कसलं?

मी त्याच आठवड्यात शेवटचं अपील टाकलं. हे नको म्हणत होते. "दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा जाऊन कशाला त्वांड दावायचं?" मी म्हणाले, "तुम्ही नका दाखवू. मी येते संगं." शेवटच्या अपिलात घरचं एक माणूस खोलीत बसू शकतं, असं फॉर्मवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मापाच्या वहीतली बारीक अक्षरं वाचायची मला सवय आहे.

तपासणीच्या दिवशी पहाटेच्या विजेच्या एसटीनं निघालो. ह्यांनी इस्त्रीची पँट घातली होती, बूट असे चमकवलेले की त्यात भांग पाडावा. मी म्हणाले, "लग्नाला निघालाय का?" तर म्हणाले, "साहेबाफुडं जायचंय."

मंडळाच्या बाहेर लांब व्हरांडा होता. भिंतीला लागून बाकं, त्यावर सतरा माणसं. साताऱ्याची, सांगलीची, कोल्हापूरकडची. कुणाचा गुडघा, कुणाचा घोटा, कुणाचा खांदा. सगळ्यांच्या पाठी ताठ. बाकाला टेकायची सोय होती, पण टेकलेला एकही नाही. गणवेशातले कर्नल साहेब व्हरांड्यातून गेले तेव्हा सतराच्या सतरा उभे राहिले. एका पांढऱ्या मिशांच्या सुभेदारांना उठताना शेजाऱ्यानं कोपराला धरून वर उचललं, आणि वर आल्यावर ते सर्वांत ताठ उभे होते. मला मनातून हसू आलं आणि रागही आला. साहेब तर मान खाली घालून मोबाइल बघत गेले.

ते कर्नल देवस्थळीच आमचे डॉक्टर निघाले. साठीला टेकलेले, डोळ्यांखाली काळं, आवाज मऊ. मंडळ महिन्यातून दोन-तीनदा बसतं आणि त्या एका दिवसात बावीस सांधे बघावे लागतात, हे त्यांनी न विचारता सांगितलं. कुलथे नावाचे एक मध्यमवयीन गृहस्थ यंत्र चालवत होते. त्यांनी पट्टे बांधले.

"फडतरे, सहज उभे राहा," साहेब म्हणाले.

"जी सर."

आणि हे उभे राहिले. टाचा जुळलेल्या, छाती पुढं, मुठी पँटच्या बाजूच्या शिवणीला चिकटलेल्या. साहेब कागद बघत होते, कुलथे पडदा बघत होते. ह्यांच्याकडे बघणारी मी एकटीच. खोलीत एसी चालू होता, तरी साठाव्या सेकंदाला ह्यांच्या वरच्या ओठावर घाम आला. मी नजर खाली वळवली, आणि बत्तीस वर्षांची सवय म्हणा, पँटच्या दुमडींकडे गेली. दोन्ही दुमडी जमिनीपासून सारख्या उंचीवर होत्या.

एकोणतीस वर्षांत मी ह्यांना घरात असं उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं.

"शून्य नोंदले," यंत्र बाईच्या आवाजात बोललं. ह्यांना खुर्चीत बसवलं, यंत्राचा हात गुडघा वाकवायला लागला. वीस, चाळीस, साठ. ह्यांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा. एकशेबाराला यंत्र वाजलं. कर्नल साहेबांनी सुस्कारा टाकला आणि पेन उचललं.

"साहेब, माप चुकलंय," मी म्हणाले.

"ताई," ते दमलेल्या सुरात म्हणाले, "यंत्राचं माप चुकत नाही."

"यंत्राचं न्हाई चुकत. घेणाऱ्याचं चुकतं. मी शिवणकाम करते साहेब. टेप लागली की बाया पोट आत घेतात, पुरुष छाती फुगवतात. त्या मापानं शिवलं तर घरी गेल्यावर हुक लागत न्हाई. म्हणून मी आधी गप्पा मारते, माणूस सैल पडला की मग माप घेते. तुम्ही ह्यांचं माप छाती फुगवल्याली असताना घेतलं."

"कुणी विनाकारण खोलीत ताठ उभं राहिलं म्हणून गुडघा—"

"विनाकारण न्हाई. तुमच्या अंगावर वर्दी हाय." माझा आवाज चढला तो चढलाच. "वाण्याच्या काट्यावर डबा ठेवून शून्याचं बटण दाबलं की डब्याचं वजन गायब होतं का न्हाई? घरी हे उजव्या पायावर भार टाकतच न्हाईत. हितं टाकला. दुखत हुतं तेव्हाच तुम्ही बटण दाबलं. दुखणं डब्यात गेलं साहेब!"

"वनिता, गप," हे म्हणाले. साहेबांसमोर बायको बोलतेय, याचा ह्यांना गुडघ्यापेक्षा जास्त त्रास होत होता.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे यंत्र नऊ हजार माणसांवर तपासून आलंय, ताई."

"त्यात फौजी किती हुते?"

साहेबांनी कुलथ्यांकडे बघितलं. कुलथ्यांनी पडद्यावर बरंच वर-खाली केलं आणि घसा साफ केला. "सगळे नागरी दवाखान्यांतले रुग्ण आहेत, सर."

साध्या माणसाला उभं राहा म्हटलं की तो न सांगता चांगल्या पायावर जातो. त्याला ते कळतही नाही. यंत्र बनवणाऱ्यांना तेवढंच माहीत होतं. दुखऱ्या पायावर सारखा भार देऊन, हूं का चूं न करता उभं राहणारी माणसं असतात, आणि ती नेमकी ह्याच खोलीत रांगेनं येणार आहेत, हे कुणाच्या डोक्यात येणार?

"बसवून किंवा झोपवून शून्य नाही घेता येत?" मी विचारलं.

"बसलं की गुडघा वाकतो. झोपवलं की कमरेचा पट्टा दबतो, भलतेच ठोके येतात. उभंच करावं लागतं." साहेब फॉर्म चाळत होते. "पण रुग्ण तणावात वाटल्यास शून्य पुन्हा घ्यावे, असा एक रकाना आहे. आजवर कधी वापरला नाही." त्यांनी ह्यांच्याकडे वळून सांगितलं, "फडतरे, उभे राहा. अगदी ढिले."

"जी सर," म्हणून हे उठले आणि छाती आणखी बोटभर पुढं आली.

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. फरक नाही. "मी तुमचा शेजारी आहे असं समजा," म्हणाले. "जी सर," हे म्हणाले. कुलथे तोंड फिरवून खोकले.

मग मीच दोघांना यंत्रामागच्या कापडी पडद्याआड जायला सांगितलं. कर्नलला बाहेर हो म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. कुलथ्यांच्या कानात सांगितलं, मी 'लांबी एक्केचाळीस' म्हणाले की बटण दाबा. पर्समधून टेप काढली. टेलरबाईच्या पर्समध्ये कंगवा नसेल एक वेळ, टेप असतेच.

"हात वर करा. कंबर मोजते."

"आत्ता? हितं?"

"दिवाळीची पँट बेतायचीय. घरी तुम्ही सापडता व्हय? वाढलीय कंबर."

"टेप आखडली आसंल."

"टेप आखडती? दोन-दोनदा भात घेता त्याचं काय?"

"तूच वाढतीस."

"तुम्ही ताट फुडं करता. आन माझा चार्जर काढून फ्रिजवर कुणी ठेवला काल?"

"म्या न्हाई."

"मग काय भुतानं ठेवला? घरात दोन तर माणसं."

हे माझ्याकडे वळले. उत्तर द्यायला वळले आणि वळता वळता एक हात टेबलाच्या कडेला गेला. भार डावीकडे सरकला, उजवा गुडघा सैल झाला, कंबर खचली. उजवी दुमड हळूच खाली येऊन फरशीला टेकली. मी मोठ्यानं म्हणाले, "लांबी एक्केचाळीस!"

नव्वद सेकंद भांडण चालू ठेवणं अवघड गेलं नाही, एकोणतीस वर्षांचा सराव आहे. चार्जरवरून शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर, कुत्र्यावरून ह्यांच्या बहिणीवर गेले. बहिणीवर आल्यावर हे चांगलेच रंगले.

"शून्य नोंदले," यंत्र बोललं, तशी हे पुन्हा काडीसारखे ताठ.

खुर्चीत बसवल्यावर या वेळी यंत्र अठराव्या अंशालाच वाजलं. आणि वाजतच राहिलं.

साहेब यंत्राच्या पडद्याशी गेले. मग त्यांनी कुलथ्यांना आधीच्या शून्याची कच्ची रेघ नव्या रेघेवर लावायला सांगितली. मला आलेखातलं काही कळत नाही, पण एक रेघ तळाशी होती आणि दुसरी वरच्या कडेला भिडलेली होती, एवढं कुणालाही दिसलं असतं.

"फडतरे, पहिल्यांदा उभे होतात तेव्हा किती दुखत होतं?"

"ठीक होतं सर."

"ठीक." साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "गुडघा शंभर अंश वाकवल्यावरही तुम्हाला इतकं दुखत नाही. ह्या नव्वद सेकंदांत त्याहून जास्त दुखत होतं. आणि आम्ही त्यालाच शून्य धरलं. साडेतीन वर्षं धरतोय." ते खुर्चीत बसले. "एकवीसशे तपासण्या झाल्यात इथं. चारांपैकी तीन कागदांवर सही माझी आहे."

मग त्यांनी सरळच सांगितलं. दोन वाटा होत्या. रकान्यात 'रुग्ण तणावात होता' एवढं लिहिलं तर नवा आकडा आजच चढतो, चाळीस टक्के होतात, प्रकरण इथंच मिटतं. खरं कारण लिहिलं, की शून्य घ्यायची पद्धतच फौजींना लागू पडत नाही, तर कागद वर जाणार. जुन्या सगळ्या तपासण्या उघडणार, आणि हा कागदही त्यांच्याबरोबर अडकणार. वर्ष, दोन वर्षं. जास्तही. "मला दोन्ही लिहिता येईल," ते म्हणाले. "तुमचं नुकसान करून खरं लिहायचा मला हक्क नाही. तुम्ही सांगा."

मी दमले होते. पहाटेपासूनची नाही, पहिलं पत्र आल्या दिवसापासूनची. मला वाटलं, चाळीस घ्यावेत, घरी जावं, मॅनेजरच्या नाकासमोर कागद नाचवून खुर्ची परत आणावी. मी तसं बोललेही. "अहो, घ्या आन चला. लई झालं."

हे कधीच यंत्राच्या खुर्चीतून उठून ताठ उभे होते आणि दाराकडे बघत होते. दाराला काचेची पट्टी होती, तिच्यातून व्हरांडा दिसायचा. पांढऱ्या मिशांचे सुभेदार बाकावर बसले होते, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ.

"साहेब," हे म्हणाले, "बसू का?"

एवढा साधा प्रश्न, पण मी चमकले. साहेबांसमोर हा माणूस खुर्ची मागतोय. कर्नल देवस्थळींनी स्वतः उठून खुर्ची पुढं केली. हे बसले, उजवा पाय सरळ लांब केला आणि दोन्ही हातांनी गुडघा धरला, जसा रोज संध्याकाळी मी भाकरी करत असताना धरतात.

"दुखतंय साहेब," हे म्हणाले. "लई दुखतंय. उभं ऱ्हायलं की जीव जातोय." मग दाराकडे बघत, "खरं काय ते लिवा. भाईर सतरा जनं हायती."

मी टेप गुंडाळायला लागले.

बाहेर आल्यावर व्हरांड्यातली माणसं ह्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. निकाल विचारायची रीत नाही, पण बघायला बंदी नाही. हे मधोमध थांबले.

"आत साहेब सहज उभं ऱ्हा म्हनला की ताठ ऱ्हाऊ नका," हे म्हणाले. "त्या येळंला घरी ऱ्हाता तसं ऱ्हावा."

"घरी कसं राहतो?" सांगलीकडच्या एकानं विचारलं. खरंच विचारलं, त्याला माहीत नव्हतं.

आणि आमच्या ह्यांनी, ज्यांनी लोकलाजेनं इतके महिने लंगडणं गिळलं होतं, त्या सतरा फौजींसमोर सगळा भार डाव्या पायावर टाकला, उजवा गुडघा सैल सोडला, कंबर खचवली आणि एक हात भिंतीला टेकवला. कुणी हसलं नाही. सुभेदार उठले आणि त्यांनीही करून बघितलं. पुन्हा एकदा करून बघितलं. "नाही जमत," म्हणाले. "माणसं बघायला लागली की पाठ आपोआप सरळ होते."

"घरचं माणूस आणा संगं," हे म्हणाले. "भांडनारं."

त्याला आता चौदा महिने झाले. कागद वर गेलाय, एवढं कर्नल साहेबांनी फोन करून कळवलं. त्यांची तिथून बदली झाली, तेही त्यांनीच सांगितलं, तक्रार न करता. पत्र अजून आलेलं नाही. शीतगृहाची खुर्चीही परत आली नाही. ह्यांनी घरचा एक स्टूल नेऊन ठेवलाय आणि मॅनेजर आला तरी त्यावरून उठत नाहीत. समृद्धी दिवाळीला आली तेव्हा कपाटावरची काठी काढून, पुसून दाराशी ठेवून गेली. पाण्याचा जार मी आणि शेजारची वर आणतो.

फक्त एक झालंय. हे आता बोलतात. सकाळी उठताना दुखतंय, पायरी उतरताना दुखतंय, थंडी पडली की दुखतंय, पाहुणे आले की पाहुण्यांना सांगतात. पंचवीस वर्षांचं साठलेलं आहे, एकदम बाहेर येतंय. ऐकून ऐकून माझे कान किटलेत. परवा मशीनवर काम करता करता मी वैतागून म्हणणारच होते, अहो पुरे आता.

पण मी तसं म्हणाले नाही. पाय थांबवला, मशीन थांबलं, आणि विचारलं, "किती दुखतंय?"

हे विचार करून म्हणाले, "कालच्यापरास जरा जास्त."